बोटाला ‘नाही’ म्हणता येत नाही

सिल्वासात महिन्याच्या सात ते दहा तारखेदरम्यान मोबाइलच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. पगार झालेला असतो आणि मसाट, आमली, पिपरियाच्या कारखान्यांत राबणारी पोरं हप्त्यावर नवा फोन घ्यायला आलेली असतात. काउंटरमागचा मुलगा खोकं उघडतो, सिम घालतो, फोन चालू करतो. फोन आधी पिन मागतो, कारण पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड ठरवल्याशिवाय बोट नोंदवताच येत नाही. मुलाला घाई असते. तो स्वतःच १२३४ दाबून मोकळा होतो आणि म्हणतो, ‘‘भैया, उंगली रखो.’’ गिऱ्हाईक बोट ठेवतं, पडदा उजळतो, दोघंही खूश. आता हा फोन आपल्याशिवाय कोणाला उघडणार नाही, अशा समजुतीत तो तरुण खोलीवर जातो.

त्याच्या फोनला खरं कुलूप लागलं आहे ते १२३४ चं. बोट ही त्या आकड्याला काढून दिलेली आडवाट आहे. बोट ओलं असलं, तेलकट असलं, फोन बंद करून पुन्हा चालू केला, की फोन आकडाच मागतो. आणि तो आकडा दुकानातल्या मुलाला ठाऊक आहे. तो ज्याला ठाऊक नाही तोही पहिल्या फटक्यात ओळखेल.

बोटाच्या कुलपाबद्दल आपल्याकडे भीती नाही असं नाही, पण ती बहुतेकदा भलत्याच जागी असते. कंपनी आपला ठसा परदेशात नेते, सरकार फोनमधून ठसे गोळा करतं, असं लोक बोलतात. चांगल्या बनावटीच्या फोनपुरतं तरी हे बरोबर नाही. ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोन ५एसमध्ये ही सोय आणली, तेव्हापासून रीत अशी आहे की ठशाचं छायाचित्र साठवायचं नाही. रेघा कुठे फुटतात, कुठे संपतात यावरून एक गणिती नमुना तयार होतो आणि तो फोनच्याच एका बंदिस्त कप्प्यात राहतो. बँकेच्या ॲपला ठसा दिसत नाही, तिला फक्त ‘जुळलं’ किंवा ‘जुळलं नाही’ एवढं उत्तर मिळतं. अँड्रॉइड फोनही याच धर्तीवर चालतात. ॲपलच्या सांगण्यानुसार परक्याचं बोट चुकून जुळण्याची शक्यता पन्नास हजारांत एक असते. चार आकडी पिन अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता दहा हजारांत एक. निव्वळ गणित पाहिलं तर बोट सरस ठरतं.

याला भोकं पडलेली आहेत, हेही खरं. आयफोन ५एस बाजारात आल्यावर दोन-तीन दिवसांतच जर्मनीतल्या कॅओस कॉम्प्युटर क्लबने काचेवरचा ठसा उचलून नकली बोट बनवलं आणि तो उघडून दाखवला. त्याच मंडळींपैकी एकाने डिसेंबर २०१४ मध्ये जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांचा ठसा पत्रकार परिषदेतल्या छायाचित्रांवरून उभा केला. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० वर साधं सिलिकॉनचं आवरण चढवलं की तो कोणाच्याही बोटाने उघडू लागला आणि कंपनीला घाईने दुरुस्ती पाठवावी लागली. वर्तमानपत्रांत या बातम्या चवीने वाचल्या गेल्या. पण सिल्वासातल्या चाळीत राहणाऱ्या कामगाराच्या फोनसाठी जर्मन हॅकर पेल्यावरचा ठसा घ्यायला येणार नाही. धोका यायचाच तर तो शेजारच्या पथारीवरून येईल.

एका खोलीत पाच-सहा जण, कोणाची दिवसपाळी, कोणाची रातपाळी. रातपाळी करून आलेला माणूस दुपारी मेल्यासारखा झोपतो. त्याचं बोट उचलून फोनवर टेकवायला कसली विद्या लागते? नोव्हेंबर २०१७ मध्ये दोह्याहून बालीला निघालेलं कतार एअरवेजचं विमान चेन्नईला उतरवावं लागलं, कारण एका प्रवासी बाईने झोपलेल्या नवऱ्याचं बोट लावून त्याचा फोन उघडला, आत जे दिसलं त्यावरून भर आकाशात भांडण पेटलं आणि ते कोणाला आवरेना. जगभर लोक हसले. बाईच्या बाजूने बोलणारेही पुष्कळ निघाले. पण आपल्या घराघरांत हेच उलट्या बाजूने रोज चालतं आणि त्यासाठी विमान कोणी उतरवत नाही. नवरा बायकोचा, भाऊ बहिणीचा, सासू सुनेचा फोन उघडते. झोपेत बोट मिळालं नाही तर मनगट धरून मिळवतात. पिन असला तर निदान विचारावा लागतो. विचारलं की समोरचा माणूस नाकारू शकतो, टाळू शकतो, खोटा आकडा सांगू शकतो. बोट धरलं की संपलं.

यावर ठरलेला सवाल येतो: मनात पाप नसेल तर लपवायचं कशाला? हा सवाल करणाऱ्यांना मी आपल्याच घरातल्या जुन्या शिस्तीची आठवण करून देतो. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडू नये, हे मराठी घरात लहान पोरालाही सांगितलेलं असे. घरात गुपितं शिजत होती म्हणून ही शिस्त नव्हती. पाकिटावर ज्याचं नाव त्याने ते उघडायचं, इतकी साधी ती गोष्ट होती. त्या काळात सुनेला माहेरून आलेलं पत्र सासऱ्याने आधी वाचायची घरंही होती आणि त्यांना चार लोक नावं ठेवत. आता पत्रं गेली, फोन आले आणि ती शिस्त कुठे गेली कोणास ठाऊक. बायकोच्या फोनमध्ये तिच्या आईशी झालेलं बोलणं आहे, दवाखान्याचा रिपोर्ट आहे, बचत गटाचा हिशोब आहे. यात पाप काहीच नाही, तरी ते सगळं तिचं आहे.

बोटाच्या ठशाची राज्यकारभारात सुरुवात कशी झाली, हे पाहिलं की आजचा घोळ जास्त नीट कळतो. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल हा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याला खडी पुरवण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी केला आणि करारावर त्याच्या पूर्ण पंज्याचा छाप घेतला. हर्शेलनेच पुढे लिहून ठेवलं आहे की, सही माझी नव्हे असं म्हणायची कोनाईची हिंमत होऊ नये हा त्यामागचा हेतू होता. कलकत्त्यात १८९७ मध्ये ठशांची कचेरी उघडली. तिथे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गवारीची पद्धत बसवली आणि ती जगभर साहेबाच्या, म्हणजे एडवर्ड हेन्रीच्या नावाने गेली. मुद्दा हा की ठसा जन्मला तोच माणसाला नंतर नाकारता येऊ नये म्हणून. देणाऱ्याचं रक्षण करायला तो कधीच नव्हता, घेणाऱ्याची सोय पाहायला होता. आज आपण तोच ठसा स्वतःच्या राखणीला बसवला आहे.

ठशाच्याही आधी आपल्याकडे निरक्षर शेतकरी कागदावर नांगराची निशाणी करत, बायका बांगडीची. कागदात काय लिहिलं आहे हे सावकाराला ठाऊक, निशाणी करणाऱ्याला नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं बाहेर ओढून जाळली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, अशी तरतूद त्यात होती. परक्या सरकारलाही तेव्हा इतकं कळलं होतं की नुसत्या निशाणीला संमती समजता येत नाही. तिच्यामागे समजून दिलेला होकार आहे का, हे कोणीतरी पाहावं लागतं. दीडशे वर्षांनी आपण फोनच्या काचेवर ‘सहमत आहे’ म्हणून बोट टेकवतो, तेव्हा तो निबंधक कुठे असतो?

सिल्वासाच्या शेजारी, तलासरी-उंबरगाव पट्ट्यात १९४५ मध्ये वारली उठले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जोडप्याने जमीनदाराकडे वर्षानुवर्षं राबायचं, अशी लग्नगडीची प्रथा तिथे होती. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने तिथल्या माणसांनी वेठीला नकार दिला. आपल्या समाजसुधारणेचा इतिहास मला तरी अशा नकारांचाच वाटतो. केशवपनाला नकार, वेठीला नकार, पाणवठ्यावरच्या बंदीला नकार. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्या होकाराला आपण कधी किंमत दिली नाही, आणि ते बरोबरच होतं.

विचारावा लागणारा आकडा आणि धरता येणारं बोट यांतला फरक कायद्यातही उमटला आहे आणि तो आपल्या विरुद्ध जातो. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ४ ऑगस्ट १९६१ रोजी निकाल दिला की, आरोपीकडून बोटांचे ठसे घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. ठसा माणसाच्या मनातलं काही सांगत नाही आणि इच्छा असली तरी तो बदलता येत नाही, असा तो विचार. एका आठवड्याने, ११ ऑगस्टला, सिल्वासा ज्यात येतं ते, १९५४ पासून मुक्त असलेलं दादरा आणि नगर हवेली रीतसर भारतात आलं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात बसलं. योगायोगच, पण या भूमीचं भारतीय नागरिकत्व आणि हा निकाल जवळपास एका वयाचे आहेत.

१९६१ मध्ये ठसा फक्त ओळख पटवत होता, त्याने कुठली पेटी उघडत नव्हती. आज त्याच ठशाने माणसाची पत्रं, छायाचित्रं, पैसा, मैत्री, मत, सगळं उघडतं. दिल्लीतल्या एका विशेष सीबीआय न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटलं की आरोपीला पासवर्ड सांगायची सक्ती करता येणार नाही, कारण पासवर्ड मनात असतो. बोट मात्र घेता येईल. हा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वेगळा सूर लावला होता. पण दिशा दिसते. त्याच २०२२ साली आलेल्या कायद्याने अटक झालेल्यांचे ठसे, बुबुळांच्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर ७५ वर्षं ठेवण्याची मुभा दिली. गुन्हेगार सुटावेत असं माझं म्हणणं नाही. पुरावा हवा तर न्यायालयाकडे जा, कारण सांगा, आदेश आणा. पण नाक्यावर हटकलेल्या परप्रांतीय पोराचं मनगट धरून फोन उघडायला ना आदेश लागतो ना कारण, आणि बोट आहे म्हणून ते शक्य होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं, ते त्या पोरासाठीसुद्धा.

आता पैशाकडे येऊ, कारण गरिबाचं बोट सगळ्यात जास्त तिथे झिजतं. देशातला पहिला आधार क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी एका आदिवासी बाईला मिळाला. सिल्वासाच्या शहरी भागात रेशनच्या धान्याऐवजी खात्यात पैसे देण्याची योजना २०१६ मध्ये सुरू झाली. पैसे खात्यात आले की काढायला बँक मित्र, आणि बँक मित्राकडे बोट. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा, एवढ्यावर एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. पिन नाही, ओटीपी नाही. खानवेल, दुधनीकडच्या म्हातारीचं बोट शेतात, चुलीवर, भांडी घासून इतकं झिजलेलं असतं की यंत्राला ते उमगत नाही. ‘‘लागलं नाही, परत लाव आजी.’’ आजी परत लावते. पहिल्या वेळी खरंच लागलं नव्हतं की लागलं होतं, हे तिला कोण सांगणार? पावती मागायची असते हे तिला कोणी शिकवलेलं नसतं.

आणि ठसा चोरायला बोटही लागत नाही. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून खरेदीखतं उतरवली, त्यांवरचे अंगठे घेतले आणि रबरी शिक्के बनवायच्या यंत्रावर त्यांचे साचे काढून हजारो सिम चालू केली. कशासाठी, तर विक्रीचं लक्ष्य गाठायला! पुढे असेच साचे लोकांची खाती रिकामी करायला ठिकठिकाणी वापरले गेले. ठसा जिवंत बोटाचा आहे की साच्याचा, हे तपासण्याची नवी पद्धत आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणली, ते चांगलं केलं. पण खरेदीखतावर एकदा उठलेला अंगठा परत घेता येत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, दहा बोटं फुटली तर माणसाने काय करायचं?

कारखान्याच्या फाटकावरचं हजेरीचं यंत्र याहून गाफील. फोनवाल्यांनी ठशासाठी बंदिस्त कप्पा तरी केला. ठेकेदाराच्या खोलीतल्या संगणकात किती जणांचे ठसे आहेत, काम सोडून गेलेल्यांचे पुसले का, हे ना कामगार विचारतो ना ठेकेदार सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये बायोस्टार २ नावाच्या, जगभर कचेऱ्यांच्या दारांवर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीतले दहा लाखांहून जास्त ठसे उघड्यावर सापडले होते. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो कागदावर राहू नये असं वाटत असेल तर सिल्वासातल्या एखाद्या कारखानदाराने पहिल्यांदा स्वतःहून फाटकावर पाटी लावावी: हजेरीचे ठसे कुठे ठेवतो, किती दिवस ठेवतो, काम सोडल्यावर कधी पुसतो.

बोटाच्या बाजूनेही बोलायला हवं. बसमध्ये गर्दीत पिन दाबला तर मागचा बघतो. काचेवर पॅटर्न काढला तर बोटाची तेलकट रेघ उमटून राहते. अजिबात कुलूप नसण्यापेक्षा बोटाचं कुलूप शंभरपट बरं. पण ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयचा पिनही न टाकता फोनवरच्या बोटाने किंवा चेहऱ्याने पैसे देण्याची वाट मोकळी झाली आहे, आणि इथे मी थांबा म्हणतो. फोन बोटाने उघडा हवं तर. पैसा बोटाने उघडू नका. बँकेचं ॲप, यूपीआय, कागदपत्रं आणि खासगी बोलणी आकड्यामागे ठेवा. सहा आकडी ठेवा, जन्मतारीख नको, लग्नाची तारीख नको. अडाणी माणसाला आकडा लक्षात राहत नाही, हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. आठवडी बाजारात भाजीचा हिशोब तोंडी करणाऱ्या बाईला सहा आकडे जड नाहीत, तिला कोणी ते शिकवलेलं नाही.

फोनमध्ये एकाहून जास्त बोटं नोंदवता येतात आणि ती कोणाची, हे फोन विचारत नाही. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन नोंदलेली बोटं मोजा. ओळखीचं नसलेलं एखादं सापडलं तर पुसा. कोणी बळजबरी करेल अशी शंका आली तर फोन एकदा बंद करून चालू करा, मग तो बोटाला दाद देणार नाही. आधारचं बायोमेट्रिक आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून फुकट लॉक करता येतं, गरज पडली की तेवढ्यापुरतं उघडता येतं.

शिकलेल्या वाचकाला हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून विनंती त्याला आहे. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईचं, तुमच्या चाळीतल्या कामगाराचं, गावाकडच्या चुलत्याचं आधार लॉक करून द्या. पिन त्यांना स्वतःला टाकू द्या आणि तो टाकताना मान वळवा. बँक मित्राकडून प्रत्येक वेळी छापील पावती घ्यायला शिकवा, बोट लागलं नाही असं तो म्हणाला तरीही. खात्यातून पैसे परस्पर गेले तर १९३० या फोन क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार करायची असते. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले असतील आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं असेल, तर नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. रिझर्व्ह बँकेने हा नियम जुलै २०१७ मध्येच केला आहे.